दोराच्या रेषेबाहेर

कणकुंबीच्या अलीकडं, ओढ्यात
पांढरी थार दारापर्यंत बुडालेली.
टिळकवाडीची चार पोरं काठावर,
बूट गळ्यात, मोबाईल वर.
रात्रीचे साडेआठ. जळवा. बेडकांचा नुसता गोंगाट.

मोनाप्पा लोहार घाई करत नाही.
जांबोटीहून आणलेल्या जीपचं नाक ओढ्याकडं करतो,
चाकांना दगड लावतो,
बॉनेट उघडून उभं ठेवतो काचेपुढं.
शेजारच्या किंदळाला रुंद पट्टा गुंडाळतो,
सालीला हात लावून बघतो
कुठं काचत तर नाही ना,
जसं मुलाच्या कमरेला करदोडा बांधताना बघावं.

दोर ओढ्यापलीकडं न्यायचा, कप्पीतून वळवून
परत झाडापाशी आणायचा, ते काम माझं.
ओढ दुप्पट, वेग निम्मा.
पाण्याखाली चाचपत चेसिसचा हूक शोधतो.
बंपरला नाही. मागच्या त्या गोळ्यालाही नाही, कधीच नाही.
शॅकलची पिन पूर्ण आवळतो
आणि पाव आटा मागं घेतो.
हे हातांना येतं. अंधार असला काय, नसला काय.

मग घोंगडं.
मोनाप्पाच्या बापाचं, काळं, दावणीचा वास अजून न गेलेलं.
भिजवून, जड करून, दोरावर टाकतो.
दुसऱ्या पदरावर सिमेंटची ओली पोती.
पोरं हसतात. "काका, दोराला थंडी वाजूलाल्याय काय?"

मोनाप्पा रिमोट हातात घेतो. बटण दाबत नाही.
एक पोरगा दोराला पाय लावून व्हिडिओ काढतोय.
मोनाप्पा इंजिन बंद करतो.
बेडूक परत ऐकू येतात.
पाणी थारच्या आरशाकडं सरकतं.
"वढा की ओ, काय बघूलालायसा? गाडी जाईल की!"
"गाडी गेली तर गाडी जाईल," मोनाप्पा म्हणतो,
"तू त्या जांभळीमागं जा."
"इतक्या लांब?"
"दोर जेवढा लांब, त्याच्यापेक्षा लांब."
मागून कुणीतरी कन्नडात पुटपुटतं.
तो कन्नडातच उत्तर देतो, तेवढ्याच शांतपणे.
आता बोलणारा एकच.
बाकी सगळ्यांनी हात वर केला की थांबायचं.

एवढं कशाला, असं विचारत
तो पोरगा जातो शेवटी, पाय आपटत.
मोनाप्पा माझ्याकडं बघत नाही.
मी चष्मा काढत नाही.

बारा वर्षं झाली. नंदगडच्या रस्त्यावर
उसाची ट्रॉली रुतलेली, ट्रॅक्टरवर मोनाप्पा,
साखळी बांधणारा मी, बांधून तिथंच उभा,
बिडी पेटवत.
साखळी नाही तुटली. हूक तुटला.
आवाज आधी आला का उजेड गेला आधी,
हे मला अजून सांगता येत नाही.
तो सांगू शकेल. त्यानं कधी सांगितलेलं नाही.
दुसऱ्या दिवशी साखळी विकली भंगारात,
आणि दवाखान्यात येऊन बसला, न बोलता,
खिशात माझी काडेपेटी.

बटण.
दोर ताठतो, घोंगडं थरथरतं.
किंदळ एक पान टाकतं.
थार पाण्यातून अशी वर येते
जशी म्हातारी म्हैस उठते, आधी मागचं, मग सगळं.
ड्रमवर वेढा वेढ्याशेजारी बसतो,
आणि काही होत नाही.

"एवढंच? दहा मिनिटांचे तीन हजार?"
पोरं आपसात बघतात.
मोनाप्पा पैसे मोजत नाही, खिशात घालतो.

घरी पोचायला बारा वाजतात.
अंगणातल्या नळाखाली मी दोर धुतो,
वाळू निघेपर्यंत,
वीतभर, वीतभर, बोटांतून सरकवत,
एखादा धागा तुटलाय का बघत.
तो शेजारी बसून घोंगडं पिळतो.
"डोळं झोंबत असंल तुझं," म्हणतो,
"जा, नीज जा. उरलेला मी बघतो."
डोळं, म्हणतो तो. अजून दोन्ही.
मी दोर सोडत नाही.